ग्राह्य तास

दर पाच वर्षांनी विचारतात:
अजून येतं का तुम्हाला?
पुरावा जोडा. साठ तास. मूळ प्रती हाताशी ठेवा.

रावपुऱ्यातल्या झेरॉक्सवाल्यानं यंदा पैसे घेतले नाहीत.
म्हणाला, बेन, बाच्या तपासणीला तुम्हीच होता ना.
मला त्याची बा आठवेना.
शीर आठवली:
उजवा हात, कोपराखाली, सरकणारी,
दोनदा हुलकावणी देऊन तिसऱ्यांदा सापडलेली.

पहिल्यांदा परीक्षेला बसले तेव्हा एकोणचाळिशी उलटली होती.
हेमांगीची दहावी नि माझी ही, एकाच टेबलावर,
मध्ये शेंगदाण्यांची वाटी.
ती विचारी, क्रिएटिनिन किती असलं की थांबायचं?
मी म्हणे, तू आधी लसावि काढ.
फतेगंजच्या त्या गारठवणाऱ्या केंद्रात
तीन तास, पडद्यावरचा बाण थरथरत होता.
प्रश्न एकोणसत्तर:
रुग्णाने अंगावरील धातू काढण्यास नकार दिल्यास
परिचारिकेने सर्वप्रथम काय करावे?
चार पर्याय.
साबण आणावा, हा त्यांत नव्हता.

वाघोडियाच्या मंगुबांच्या पायांतली कडली
लग्नापासूनची. सोनार बोलवा म्हणाले सगळे.
मी पावलावर प्लास्टिकची पिशवी चढवली, साबण लावला,
वीस मिनिटं त्या त्यांच्या म्हशीबद्दल बोलत राहिल्या.
कडलं निघालं तेव्हा खाली एक पांढरं वळं,
ऊन न पाहिलेलं.
लिफाफ्यावर नाव, सही, चिकटपट्टी.
बोगद्यात सरकताना म्हणाल्या, बीक लागे छे.
म्हटलं, मनेय लागे छे.
ग्राह्य तास: शून्य.

आणि तो मकरपुऱ्याच्या कारखान्यातला पोरगा,
ज्याला मी सांगितलं होतं, जे सगळ्यांना सांगते:
औषध गेलं की अंगभर गरम वाटेल,
चड्डी ओली झाल्यासारखं वाटेल, होत नाही.
गरम वाटतंय, म्हणाला. हसलासुद्धा.
मग मान खाजवली.

गरम वाटणं ठीक. खाजवणं नाही.
काचेपलीकडे नैषधनं माझा वर झालेला हात पाहिला
आणि टेबल बाहेर घेतलं.
मांडीच्या बाहेरच्या बाजूला सुई,
आकडे मी तेव्हा मराठीत मोजते, का कुणास ठाऊक,
दिवसभर गुजराती बोलून
घाबरल्यावर आईच्या भाषेत.
चार मिनिटं.
फॉर्मवर मिनिटांचा रकाना नाही.

खांद्यावर शिशाचा एप्रन, त्याच्या आत छातीवर बिल्ला.
दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो
आणि सांगतो माझ्यात किती गेलं.
माझ्यातून किती गेलं
ते सांगणारा बिल्ला अजून निघालेला नाही.
(हे वाक्य मी फॉर्मवर लिहून खोडलं.
दोनशे अक्षरांत बसत होतं.)

जिन्सी परवा विचारत होती, नवीन आहे, कोट्टयमची,
परीक्षा दिली की पगार वाढतो का?
नाही.
मग?
मी म्हटलं, नावापुढे चार अक्षरं लागतात.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी मंगुबांच्या रिपोर्टकडे पाहिलं होतं,
म्हणजे चेहऱ्यावर काही येऊ न देता.
खरं उत्तर मला दुपारी सुचलं, ती घरी गेल्यावर.
तो पोरगा हसत असताना
मी त्याच्या हसण्याकडे नाही, मानेकडे पाहत होते.
ते मला त्या पुस्तकानं शिकवलं, पान दोनशे अकरा,
तिथं शेंगदाण्याच्या सालीचा डाग आहे.

सातवं प्रमाणपत्र परत आलं, शिक्का अर्धाच उमटला म्हणून.
पुन्हा दफ्तर, पुन्हा शिक्का, या वेळी
कारकुनाच्या हातावर माझा हात ठेवून दाबला.

आता सगळं पाठवलंय.
पडद्यावर चक्र फिरतंय.
श्वास लो.
रोकी राखो.
आणि छोडी दो म्हणायला
पलीकडे कुणी नाही,
नैषध जेवायला गेलाय.